जगात जर्मनी, भारतात परभणी

आमच्या परभणीचा माणूस पुण्यामुंबईकडे गेला आणि त्याने आपले गाव सांगितले, की समोरचा गृहस्थ हमखास हसतो आणि म्हणतो, "अच्छा! म्हणजे जगात जर्मनी, भारतात परभणी!" ही म्हण कुणी काढली आणि कशावरून काढली, याची निरनिराळी माणसे निरनिराळी कारणे सांगतात. आम्ही परभणीकर मात्र ती ऐकून दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतो. दुसरे करणार काय? मी मराठीचा प्राध्यापक. वीस वर्षे या म्हणीचा मी वर्गात उपयोग केला, तो यमकाचे घरगुती उदाहरण म्हणून. तेही शुद्ध यमक नव्हे. एकीकडे दंत्य ‘न’, दुसरीकडे मूर्धन्य ‘ण’. जर्मनीचा आणि परभणीचा संबंध एवढाच, आणि तोही जरा तोतरा, असे मी मुलांना सांगत असे. मुले हसत. तास सुटे.

गेल्या वर्षी जिंतूर रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला हे मत मागे घ्यावे लागले.

झाले असे, की एका रविवारी सकाळी पाथरीकडचे एक शेतकरी गृहस्थ घरी आले. डोक्याला टोपी, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. त्यांचा मुलगा आमच्याकडे बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. होता म्हणजे हजेरीपटावर होता. "सर, पोरगं हातचं चाललं बघा," ते बसल्या बसल्या म्हणाले. "कालेजाच्या नावानं निघतंय आन् दिसभर ग्यारेजात पडून ऱ्हातंय. फटफटीची शर्यत लावायची म्हणतंय. तुमचं ऐकंल ते. कामून का, तर तुमचं नाव लई घेतंय."

विद्यार्थी वर्गात न येता आपले नाव घेतो हे ऐकून प्राध्यापकाला बरे वाटावे की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण "मी समजावतो" असे मी चटकन बोलून गेलो. इतका चटकन, की सौ.ने आतून चहा आणता आणता माझ्याकडे पाहिले. तिला कारण ठाऊक होते. निम्मे ठाऊक होते.

ते कारण १९९९ सालचे. तेव्हा मी आणि माझा एक मित्र, दोघेही पदवीच्या शेवटच्या वर्षाला. मित्राने जुनी यामाहा आर. एक्स. १०० घेतली होती. ही गाडी १९८५ साली एस्कॉर्ट्‌स कंपनीने भारतात काढली आणि १९९६ साली बंद केली. अवघे ९८ घनसेंटिमीटरचे इंजिन, ११ अश्वशक्ती आणि वजन सारे मिळून १०३ किलो. हे आकडे मी आज सांगतो आहे. तेव्हा आम्हांला त्यांतला एकही ठाऊक नव्हता. आम्हांला एवढेच ठाऊक, की ती ‘पळते’. आवाज मोठा यावा म्हणून मित्राने तिच्या सायलेन्सरमधली नळी उपसून टाकली होती. तेवढीच आमची यंत्रविद्या. हिवाळ्यातल्या एका रात्री वसमत रस्त्यावर आम्ही दोघे निघालो. तो पुढे, मी मागे. मागून मी त्याच्या कानाशी ओरडलो, "ताण!" पुढे रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल कपडा नाही. माझे गळपट्टीचे हाड मोडले. त्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

अपघात झाला हे सौ.ला ठाऊक आहे. तो शब्द ठाऊक नव्हता. कुणालाच नव्हता.

तेव्हा त्या शेडकडे मी गेलो तो उपदेशाची दोन वाक्ये जुळवूनच. तिथे चौघे जण होते. आमचा विद्यार्थी, आय. टी. आय.मधून वेल्डिंग शिकून आलेला एक, तंत्रनिकेतनात जाणारा एक चष्मेवाला, आणि या तिघांचे उस्ताद. उस्तादांनी पन्नाशी ओलांडलेली. दाढी पांढरी, बोटे काळी. मधोमध एका पाटावर, देवघरात मूर्ती ठेवावी तशी, एक मोटारसायकलची चौकट ठेवलेली. पुढे पाहतो तो तीच आर. एक्स. १००! भंगारातून आणलेली. माझ्या पोटात कालवले. "बैठो सर," उस्ताद म्हणाले, आणि ग्रीसच्या डब्यावर वर्तमानपत्र अंथरून त्यांनी मला आसन दिले. आसन मिळाल्यावर उपदेश करणे अवघड जाते.

मी विचारले, "हे काय चालले आहे?" विद्यार्थ्याने उत्तरादाखल एक वही पुढे केली. शंभर पानी, रेघांची. आमच्या वर्गात निबंधाला जी वही असते तीच. तिच्यात तारीखवार नोंदी होत्या. एक मासला आठवणीने देतो. सकाळी सात वाजता माळावर तीन फेऱ्या. हवा थंड. प्लग काढून पाहिला, काळा व ओला. पेट्रोल जास्त जाते आहे. जेट एक नंबराने लहान केला. पुन्हा तीन फेऱ्या. प्लगचा रंग चहासारखा. दुपारी जेट आणखी एक नंबराने लहान केला, प्लग पांढरट. इथे थांबलो. पुढे चालवली असती तर पिस्टन धरला असता.

मी ती पाने दोनदा वाचली. हा मुलगा परीक्षेत ‘वसंत ऋतू’वर लिहिताना कोकिळेपासून सुरुवात करून कोकिळेपाशीच अडकत असे. इथे एक विशेषण फुकट नव्हते. मी "हे तू लिहिलेस?" असे विचारले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "सर, शुद्धलेखन राहिलं बघा."

उपदेशाचे पहिले वाक्य तिथेच गेले.

पुढचे तीन महिने मी त्या शेडमध्ये संध्याकाळी जाऊन बसू लागलो. घरी सांगताना ‘विद्यार्थ्याच्या हितासाठी’ असे सांगत असे. तिथे मला जे कळले ते माझ्या वयाच्या आणि विषयाच्या माणसाला जेवढे कळेल तेवढेच. पण ते इतके गमतीचे आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही.

ही गाडी टू-स्ट्रोक. म्हणजे तिच्या इंजिनाला श्वास घ्यायला आणि सोडायला वेगवेगळी सवड नसते. जळलेला वायू एका भोकाने बाहेर जातो न जातो तोच ताजे मिश्रण दुसऱ्या भोकांनी आत शिरते, आणि त्यातले बरेचसे, पाहुणा एका दाराने येऊन दुसऱ्याने निघून जावा तसे, न जळता बाहेर पडते. पेट्रोल फुकट, ताकद फुकट. याला उपाय काय? दार लावायला यंत्रात झडप नाही. उपाय आहे तो बाहेरच्या नळीत. ही नळी इंजिनापासून हळूहळू रुंदावत जाते, मध्ये पोट सुटते, आणि पुढे ती पुन्हा निमुळती होते. धूर बाहेर पडताना आवाजाची जी लाट निघते ती या निमुळत्या टोकावर आपटून मागे फिरते आणि निसटू पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला ढकलून पुन्हा आत घालते. तेवढ्यात पिस्टन वर येऊन भोक बंद करतो. आमच्या जिल्ह्यात सेलू तालुक्यात वालूरला गोल गोल पायऱ्यांची चक्राकार बारव आहे. तिच्यासारख्या बारवेत वाकून हाक मारली की आपलीच हाक परत येऊन तोंडावर आदळते, तसेच हे. फरक एवढाच, की मिनिटाला साडेसात हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात ही हाक सेकंदाला सव्वाशे वेळा मारायची असते आणि दर वेळी ती नेमकी दार लागण्याच्या आधी परत यायला हवी. नळी बोटभर लांब झाली की पडसाद उशिरा येतो. आखूड झाली की आधीच येऊन जातो.

उस्ताद या नळीला ‘पुंगी’ म्हणत. ती बाजारची विकत घ्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. आधी पुठ्ठ्याचे शंकू कापायचे. त्यांवरून पातळ पत्रा कापायचा, तो पाइपावर ठोकून वळवायचा, आणि तुकड्याला तुकडा जोडत जायचे. चष्मेवाला गणित करी, वेल्डर जोड मारी, आमचा विद्यार्थी माळावर नेऊन फिरवी आणि वहीत लिही. पहिल्या पाच पुंग्या फुकट गेल्या. सहावी लागल्यावर मला, हो, मलाही, आवाज ऐकूनच कळले. भुणभुण चालली असता मध्येच कुणी घसा साफ करून खणखणीत तान घ्यावी तसा आवाज बदलला. उस्ताद एवढेच म्हणाले, "हौ. अब बोली."

ही पुंगी मुळात आली कुठून, असे मी एकदा विचारले. चष्मेवाल्याने शांतपणे सांगितले, "जर्मनीतून, सर." आणि तिघेही माझ्याकडे बघून हसले. माझा यमकाचा विनोद त्यांच्याही बॅचने ऐकला होता!

खोटे नव्हते ते. घरी येऊन मी रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. जर्मनीच्या पूर्व भागात डोंगराळ मुलखात त्शोपाऊ नावाचे लहान गाव आहे. तिथे डी. के. डब्ल्यू. या कंपनीचा कारखाना होता. १९२८ सालच्या सुमारास मोटारसायकली करणारा तो जगातला सर्वांत मोठा कारखाना. महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, कारखाना रशियनांच्या बाजूला गेला आणि पुढे एम. झेड. या नावाने चालू लागला. १९५३ सालापासून त्याच्या शर्यत-विभागाचा कारभार वाल्टर काडेन नावाच्या इंजिनियराकडे होता. युद्धकाळात हा गृहस्थ पेनेम्युंडेच्या अग्निबाणांच्या केंद्रात कामाला होता. हाताशी माणसे मोजकी, माल बेताचा, पैसा त्याहून बेताचा. इटालियन आणि जपानी कंपन्या शर्यतींत लाखांनी पैसा ओतत असता या माणसाने लाटांचे हे शास्त्र पुंगीत उतरवले, आणि १९६१ साली १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. लिटरमागे दोनशे! निव्वळ हवा ओढणाऱ्या इंजिनातून इतकी ताकद तोवर कुणी काढली नव्हती.

त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर जगज्जेता होण्याच्या बेतात होता. ऑगस्टात बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीत डेग्नरची गाडी मध्येच बंद पडली, आणि तो परत गेलाच नाही. बायकोला आणि मुलांना त्याने मोटारीच्या डिकीत लपवून सीमेपार काढले होते. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसकडे गेले. डेग्नर सुझुकीला जाऊन मिळाला. त्याच्याबरोबर पुंगीची विद्याही जपानात गेली, आणि १९६२ साली त्याने सुझुकीच्या ५० घनसेंटिमीटरच्या गाडीवर टू-स्ट्रोक गाडीचे पहिले जागतिक विजेतेपद मिळवले. पुढे शर्यतीतल्या साऱ्या टू-स्ट्रोक गाड्या त्याच विद्येवर धावल्या. काडेन मात्र आपल्या गावातच राहिला. तो वारला १९९६ साली, म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे आर. एक्स. १०० बंद झाली त्याच वर्षी. योगायोगाला काही अर्थ नसतो हे मीही जाणतो. पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो तेव्हा मी त्या पुंगीला हात लावून पाहिला, एवढे कबूल करतो.

असे लोक जगात सगळीकडे असतात. न्यूझीलंडच्या बर्ट मन्‌रोने १९२० सालची ‘इंडियन’ गाडी आयुष्यभर घासूनपुसून, पिस्टन घरी ओतून, अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावर नेली आणि १९६७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, ताशी १८० मैलांच्या वर पळवून विक्रम केला. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत; तिथे यायच्या त्या गाड्यांतही पुष्कळशा अशाच कुणाच्या तरी शेडमध्ये रात्री जागून तयार झालेल्या. मन्‌रोने म्हणे मोडके पिस्टन एका फळीवर मांडून त्यांना वेगदेवतेचा नैवेद्य असे नाव दिले होते. उस्तादांनी मन्‌रोचे नाव ऐकलेले नाही. पण त्यांच्या शेडमध्ये तशीच फळी आहे, आणि खंडेनवमीला पोरे पान्यांबरोबर त्या मेलेल्या पिस्टनांनाही झेंडूचे फूल वाहतात.

उपदेशाचे दुसरे वाक्य उरले होते. ते होते धोक्याविषयी. ते मी एकदा बोललो. वसमत रस्त्याची हकिकत सांगितली, तो शब्द वगळून. उस्ताद ऐकून घेऊन म्हणाले, "सर, इसको रास्ते पे लाया, तो मैं खुद पुंगी काट दूँगा." तो नुसता दम नव्हता. अशी गाडी रस्त्यावर आणणे कायद्याने गुन्हा, हे त्यांनी पहिल्या दिवशीच पोरांना सांगितले होते. तिचा दिवा, भोंगा, नंबराची पाटी सारे काढलेले. माळावर न्यायची ती टेम्पोतून. डोक्यावर शिरस्त्राण, छातीला कवच, पायात गुडघ्यापर्यंत बूट असल्याशिवाय किल्ली मिळायची नाही. आणि खरे सांगायचे तर त्या मुलाला मी जपायला सांगावे असे काही उरले नव्हते. कोणता बोल्ट कधी ढिला होतो हे ज्याने वहीत लिहून ठेवले आहे, त्याला भीती कशाची बाळगायची हे माझ्याहून चांगले ठाऊक होते. आम्हांला १९९९ साली भीतीच नव्हती, कारण आम्हांला काहीच ठाऊक नव्हते.

मध्यंतरी त्याचे वडील शेडवर आले. मला तिथे डब्यावर बसलेला पाहून ते दारातच थबकले. माझी अवस्था काय झाली असेल याची वाचकांनी कल्पना करावी. पण ते माझ्याशी बोललेच नाहीत. चौकटीभोवती एक फेरी मारून त्यांनी मुलाला विचारले, "वजन किती भरलं?" मुलगा म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी." ते बसले, आणि त्यांनी मागच्या बाजूची एक लोखंडी पट्टी बोटाने वाजवून पाहिली. "ही कशाला ठिवली?" मग कळले, की हे गृहस्थ शंकरपटातले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद पडेपर्यंत दरसाल पटावर जाणारे. हलकी छकडी ते स्वतः करवून घेत. तिच्यातली एकेक खुंटी काढून एका हाताने उचलून पाहत. २०२१ साली न्यायालयाने परवानगी दिली, २०२३ साली घटनापीठाने ती कायम केली. पण तोवर त्यांची जोडी म्हातारी झाली होती. ते सांगताना त्यांनी डोळे पुसले नाहीत, टोपी मात्र काढून पुन्हा घातली. ती पट्टी पोरांनी त्याच संध्याकाळी कापली. वजन अर्धा किलो कमी झाले.

मुक्या जनावराला पळवण्यापेक्षा लोखंडाला पळवलेले बरे, असे माझे मत. ते मी त्यांना सांगितले नाही.

डिसेंबरात पुण्याच्या बाजूला एका माळावर मातीतल्या शर्यती होत्या. टेम्पोत गाडी, उस्ताद आणि पोरे. मी आणि वडील रात्रीच्या एस. टी.ने. चौदा स्वार, सहा फेऱ्या. इतरांच्या गाड्यांवर रंगीत चित्रे, शेजारी तंबू, तंबूत पंखे. आमच्या गाडीची टाकी अर्धवट खरवडलेली, तिच्यावर खडूने आकडा. शर्यत सुटली आणि धुळीत मला काहीच दिसेना. मी कानांनी पाहू लागलो. आमची पुंगी त्या चौदांत ओळखू येत होती. पहिल्या फेरीला आठवा. तिसरीला सहावा. पाचवीच्या सुरुवातीला चौथा! वडील कठड्यावर चढले होते. आणि पुढचा स्वार वळणावर दोन हातांवर आला तेव्हा माझ्या तोंडून शब्द गेला, "ताण!"

पंचवीस वर्षांनी, तोच.

तो त्याला ऐकू जाणे शक्य नव्हते. पण माझे हातपाय गार पडले. आणि त्याच क्षणी आवाज बदलला. खणखणीत तान तुटून नुसती फडफड. पुंगीचा जोड उकलला होता. ती एका पट्टीवर लोंबकळत मागच्या चाकाकडे झुकत होती. मला वाटले, हा आता ताणणार. चौथा नंबर, दोन हातांवर तिसरा, कठड्यावर बाप, वय वर्षे वीस. त्याने हात वर केला, गाडी कडेला घेतली, वाकून एकदा खाली पाहिले आणि बैलगाडीच्या चालीने उरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या. अकरावा आला. उतरल्याबरोबर शिरस्त्राण काढायच्या आधी त्याने वही मागितली.

रात्री परतीच्या वाटेवर टेम्पो जेवणासाठी थांबला होता. मी जरा दूर जाऊन मित्राला फोन लावला. तो आता एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत असतो. कृत्रिम पायाने चालतो, आणि माझ्यापेक्षा जास्त चालतो. त्याला शर्यतीची सारी हकिकत सांगितली. मग म्हणालो, "त्या रात्री मी मागून तुला ‘ताण’ म्हणालो होतो."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सायलेन्सर उपसलेला होता रे. काही ऐकूच येत नव्हतं."

हे खरे की माझ्यासाठी काढलेले, ते मी विचारले नाही. त्यानेही विषय वाढवला नाही.

"पुंगी कुठं उकलली?" त्याने विचारले.

"इंजिनाजवळच्या जोडावर."

"एकाच पट्टीवर टांगली असंल," तो म्हणाला. "पोरांना सांग, दोन ठिकाणी बांधा. आन् मधी रबर घाला."

मी टेम्पोपाशी येऊन तसे सांगितले. विद्यार्थ्याने वही उघडली, बॅटरी तोंडात धरली आणि लिहून घेतले.